पेटी

कारखान्यात चौतीस वर्षं लाकडाचे साचे केले,
लोखंड निवताना आकसतं म्हणून
शंभराला एक सूट धरून.
घरी आल्यावर ती सूट सोडायला शिकलो.
स्पीकरची पेटी
अर्धा मिलिमीटरसुद्धा माफ करत नाही.

अठरा मिलिमीटरचा प्लाय, आत आडव्या फळ्या,
कोल्हापूरहून आणलेले आठ इंची कागदी शंकू,
क्रॉसओव्हरची कॉइल हातानं गुंडाळलेली.
वेढे मोजताना मालननं दोनदा हाक मारली
आणि दोनदा पहिल्यापासून.
पोटात भरायला आटपाडीच्या धनगराकडून
न कातलेली लोकर.
मालन म्हणाली, घोंगडं तरी झालं असतं.

पेटीनं गायचं नसतं.
हे पलूसमध्ये कुणाला पटत नाही.
तिनं थरथरायचं नाही, गप्प बसायचं,
बोटाच्या पेरानं ठोकलं तर
भिजल्या मातीसारखं वाजायचं : थप्प.
बोलायचं ते शंकूनं.
खालच्या भोकातून, तीन इंची पाइपातून,
श्वास तेवढा आत-बाहेर.

रात्री अकराला पहिल्यांदा सूर सोडला,
खालून वर, खालून वर.
बेचाळीसला मांडणीवरची ताटं बोलली,
सत्तरला देवघराची काच.
मालन उठली, ताटांखाली फडकं सारलं,
परत झोपली.

मग ती कॅसेट.
एक्क्याण्णवचा गणपती, विट्याचा चौक,
शमशुद्दीन मोमीनचा स्वतंत्र तबला,
लेहऱ्याला मी, पेटीवर; ती दुसरी पेटी.
त्या रात्री शेवटच्या तिहाईला सम हुकली.
मागं कुणीतरी हसलं. ते हसू कॅसेटमध्ये आहे.
शमशूनं परत मंचावर तबला लावला नाही,
आणि मी चहाच्या गाड्यावर, लग्नांत, बारशांत
सांगत राहिलो :
हात गोड होता, पण त्या दिवशी हुकला.

तीस वर्षं टेपरेकॉर्डरवर ऐकली.
टेपरेकॉर्डरला पोट नव्हतं.
आता पोटातून आलं,
धप्. धप्. धप्.
फळ्यांच्या मंचावर कुणीतरी टाच आपटतंय.
माझीच. लेहरा धरताना आपटायची सवय.
आधी नीट चालली होती,
मग टाळ्या पडल्या,
मग ती घाईला आली.
तबला जिथं होता तिथंच होता.

आधी दोष क्रॉसओव्हरला दिला.
तारा उलट्या करून पाहिल्या.
डावी बंद करून उजवी ऐकली,
उजवी बंद करून डावी.
दोघींचं म्हणणं एकच.

रविवारी विट्याहून शमशूला एसटीनं आणला.
मागांच्या खडखडाटात चाळीस वर्षं गेली,
त्यात कान गेले; यंत्र खिशात ठेवतो,
म्हणतो, डोक्यात नुसती शिट्टी.
खुर्ची दिली तर जमिनीवर बसला.
पेटीच्या अंगावर तळवा टेकवला,
बराच वेळ.
"मुकी हाय की रं."
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
कुणी कामाचं कौतुक केलं.

मग हात खाली सरकला, भोकापाशी थांबला.
भात्यासारखा वारा, तळव्यावर.
दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली.
मी त्याच्या तोंडाकडं बघत नव्हतो,
बोटांकडं.
बोटं थांबली.
"हितं," म्हणाला. "हितनं तू पळालास."
आवाजात नवल नव्हतं.

मी काय काय बोलायचं ठरवलं होतं.
बोललोही त्यातलं थोडं,
यंत्र खिशात होतं.
तो भोकात दोन बोटं घालून विचारत होता,
आत काय भरलंयस?
लोकर, मी म्हणालो.
आं?
लोकर! लोकर!
मालन आतून बाहेर आली, काय झालं म्हणून.

"बरी हाय," तो म्हणाला,
आणि तळवा परत भोकाशी नेला.